घाटावर आणि घाटाखाली : एका शब्दाच्या अर्थेतिहासाची मांडणी

१

बुलढाणा जिल्ह्यात दोन अनोळखी माणसे भेटली, की गावाच्या नावापाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : “घाटावरचे की घाटाखालचे?” जिल्ह्यात आज तेरा तालुके आहेत. त्यांपैकी बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा हे सहा घाटावरचे, तर मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे सात घाटाखालचे, अशी ढोबळ वाटणी येथील माणसाच्या मनात पक्की असते. सोयरिकीच्या बोलण्यात, बदलीच्या चर्चेत, पावसापाण्याच्या चौकशीत ती सहज उमटते. मलकापूरहून मोताळ्यामार्गे बुलढाण्याला येताना राजूरचा घाट चढावा लागतो. खामगावकडून येताना बोथ्याचा. या चढणीच्या अलीकडे आणि पलीकडे जमीन बदलते, पाणी बदलते. खाली पूर्णेच्या खोऱ्यातील खोल काळी माती आणि तिच्यातला खारपाणपट्टा. वर अजिंठ्याच्या रांगेचे पठार. खालचे पाणी पूर्णेतून तापीला आणि तापीतून पश्चिम समुद्राला मिळते. वर उगम पावणारी पैनगंगा पूर्वेची वाट धरते आणि तिचे पाणी शेवटी गोदावरीत जाते. घाटावरही एक पूर्णा आहे. तिला खडकपूर्णा म्हणतात आणि ती गोदावरीच्या खोऱ्यातली आहे. एकाच जिल्ह्यात एकाच नावाच्या दोन नद्या दोन वेगळ्या समुद्रांना पाणी पोचवतात आणि त्यांच्यामध्ये उभा आहे तो ‘घाट’.

या नित्याच्या प्रयोगात भाषाभ्यासकाने थांबून पाहावे असे काही आहे. ‘मी घाटावर राहतो’ असे म्हणणारा माणूस घाटात राहत नसतो. राजूरच्या वळणांपासून त्याचे गाव पन्नास-साठ किलोमीटर दूर असू शकते. येथे ‘डोंगरावर’ हा शब्द चालत नाही. डोंगरावर देऊळ असते, गुराखी असतो. ‘घाटावर’ म्हणजे चढण संपल्यानंतरचा सारा मुलूख. ‘घाट’ हा शब्द या प्रयोगात वस्तूचे नाव राहिलेला नाही. तो उंबरठ्याचे नाव झाला आहे. उंबरठ्याचा उल्लेख करून आपण आतले आणि बाहेरचे ठरवतो, त्याचप्रमाणे घाटाचा उल्लेख करून येथील माणूस वरचे आणि खालचे ठरवतो.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन या निरीक्षणातून निघते. काशीचा घाट आणि बोरघाट या दोहोंना जोडणारा ‘घाट’ शब्दाचा अर्थगाभा नदीकाठ हा नाही आणि पर्वत हाही नाही. ओलांडण्याची, चढण्या-उतरण्याची आणि म्हणून अडवली जाण्याची जागा, हा तो गाभा आहे. पर्वत हा अर्थ या शब्दाला बाहेरून चिकटला. तो कसा चिकटला हे कळायला बुलढाण्याचा बोलीप्रयोग उपयोगी पडतो.

२

प्रथम ध्वनींचा इतिहास. संस्कृत-प्राकृतातील ‘ट्ट’ हे जोडाक्षर मराठीत येताना एकेरी होते आणि मागचा ऱ्हस्व अकार दीर्घ होतो. हट्टचे हाट, पट्टचे पाट, भट्टचे भाट झाले, तसे घट्टचे घाट. हा नियम केवळ मराठीचा नाही. हिंदी, बंगाली, उडिया, नेपाळी, गुजराती या भगिनीभाषांतही ‘घाट’ हेच रूप त्याच वाटेने सिद्ध झाले. राल्फ टर्नर यांच्या इंडो-आर्य भाषांच्या तौलनिक कोशात (१९६२-६६) ही रूपे एका मूळ शब्दाखाली एकत्र पाहता येतात.

मात्र हे ‘घट्ट’ संस्कृतात कोठून आले, हा प्रश्न निराळा. नदी ओलांडण्याच्या जागेसाठी जुन्या संस्कृतातला शब्द ‘तीर्थ’ हा आहे. ‘तॄ’ म्हणजे तरणे या धातूपासून तो उघडपणे सिद्ध होतो. ‘घट्ट’ हा मागाहूनचा शब्द. धातुपाठात ‘घट्ट’ हा धातू चलन या अर्थी दिला आहे आणि संस्कृत वाङ्मयात तो हलवणे, घासणे, स्पर्श करणे या अर्थांनी येतो. पण त्यापासून ‘उतरण्याची जागा’ हा अर्थ काढायचा तर बरीच ओढाताण करावी लागते. दुसरी वाट द्राविड भाषांकडे जाते. कन्नडमध्ये ‘कट्टे’ म्हणजे बांध, पार, बांधलेला ओटा. मराठीतला ‘कट्टा’ तिकडूनच आला. तेलुगूत ‘गट्टु’ म्हणजे बांध, काठ आणि टेकडीही. अर्थाचे हे साम्य लक्षणीय आहे, विशेषतः ‘गट्टु’मध्ये पाण्याचा काठ आणि उंचवटा एकत्र नांदतात म्हणून. परंतु द्राविड भाषांच्या मूळ वर्णव्यवस्थेत महाप्राण व्यंजने नाहीत. तेव्हा तिकडून आलेल्या शब्दात ‘घ’ कसा आला याचे उत्तर त्या पक्षाला द्यावे लागते. कन्नडमध्ये ‘घट्ट’ हा शब्द डोंगरातील घाट या अर्थी आहे खरा, पण त्यातला महाप्राणच तो आर्यभाषांकडून गेल्याचे सुचवतो. म्हणजे कट्टे इकडे आले, घट्ट तिकडे गेले. मराठी आणि कन्नड यांच्या सीमेवर शब्दांनी घाट दोन्ही दिशांनी ओलांडला, एवढे यातून निश्चित दिसते.

व्युत्पत्ती येथे अडते. ती अडल्यावर अर्थाचा शोध थांबवावा असे मानण्याची आपल्याकडे एक सवय आहे. शब्दाचे मूळ सापडले की त्याचा ‘खरा’ अर्थ सापडला, ही समजूत निरुक्तकारांपासून आजच्या समीक्षालेखांपर्यंत टिकून आहे. ‘घाट’ या शब्दाच्या बाबतीत ती निरुपयोगी ठरते, कारण येथे मूळ संदिग्ध आहे आणि प्रयोग मात्र स्वच्छ आहेत.

३

संस्कृत पंडितांच्या लौकिक न्यायांत ‘घट्टकुटीप्रभातन्याय’ नावाचा एक न्याय आहे. जकात चुकवू पाहणारा एक वाटसरू रात्रीच्या अंधारात आडवाटेने निघतो, रात्रभर भटकतो आणि पहाट होते तेव्हा नेमका जकातीच्या झोपडीपुढे उभा असतो. जे टाळायचे तेच प्रतिपक्षाच्या पदरी पडले, हे दाखवण्यासाठी शास्त्रचर्चेत हा न्याय वापरतात. आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती ‘घट्टकुटी’. घट्टावरची कुटी म्हणजे जकातनाके. घट्ट नदीचा की डोंगराचा, याने येथे काहीच बिघडत नाही. वाट जेथे अरुंद होते, जेथून जाण्यावाचून गत्यंतर नाही आणि म्हणून जेथे कोणीतरी हात पुढे करून बसलेला असतो, ती जागा म्हणजे घट्ट.

या अर्थाची साक्ष देशभर विखुरलेली आहे. जुन्नर आणि कोकण यांना जोडणाऱ्या नाणेघाटात सातवाहनांचे ब्राह्मी लेख आहेत आणि माथ्यावर एक दगडी रांजण आहे. तो जकातीची नाणी टाकण्यासाठी होता अशी परंपरागत समजूत आहे. ‘घाटपांडे’ या आडनावात घाट आणि हिशेबनीस एकत्र आले आहेत. बंगाल आणि छोटा नागपूरच्या सीमेवरच्या डोंगरी भागात ‘घाटवाल’ नावाचे वतनदार होते. खिंडींची राखण हे त्यांचे काम आणि त्यासाठी त्यांना जमिनी दिलेल्या. बीरभूमच्या घाटवालांविषयी कंपनी सरकारने १८१४ मध्ये स्वतंत्र कायदा केला. म्हणजे ज्या बंगालीत आज ‘घाट’ म्हटले की पुकुराच्या पायऱ्या आणि नावेचा थांबा आठवतो, त्या बंगालच्या काठावरही घाट हा डोंगराचा होता. उडियात ‘घाटि’ डोंगरवाटेला म्हणतात. ‘हिंदीत घाट नदीचा, मराठीत डोंगराचा’ ही पाठ्यपुस्तकी वाटणी म्हणूनच फसवी आहे. मराठीतही नाशिकला, पंढरपूरला, वाईला नदीचे घाट आहेतच.

हिंदीतला ‘घाटी’ हा शब्द अधिक उद्बोधक आहे. १५७६ ची लढाई जेथे झाली ती हळदीघाटी म्हणजे अरवलीतील एक खिंड. त्याच हिंदीत आज ‘घाटी’चा रूढ अर्थ खोरे असा आहे. खिंडीतून जाणारा दोन्ही बाजूंनी डोंगर पाहतो. वाट रुंद होत गेली की तीच खिंड खोरे होते. मराठीत याच शब्दकुळाने वरची दिशा धरली आणि हिंदीत खालची. घाटावर उभा राहिलेला माणूस कोणीकडे पाहतो, त्यावर हे ठरले असे म्हणता येईल.

हा प्रकार आपल्यापुरता मर्यादित नाही. स्लाव भाषांमध्ये ‘गोरा’ हा एक समाईक शब्द आहे. संस्कृत ‘गिरि’ आणि अवेस्तातील ‘गइरि’ यांचा तो सगोत्र. रशियनमध्ये ‘गोरा’ म्हणजे पर्वत. बल्गेरियनमध्ये ‘गोरा’ म्हणजे अरण्य. सर्बियन-क्रोएशियनमध्ये दोन्ही अर्थ वावरतात. शेजारच्या लिथुआनियन भाषेत ‘गिरिआ’ म्हणजे अरण्यच. बाल्कनच्या मुलखात पर्वत हे झाडीने झाकलेले असतात. डोंगरावर जाणे आणि रानात जाणे ही तेथे एकच क्रिया. दोन अर्थांपैकी खरा कोणता, हा प्रश्न तेथील भाषाभ्यासकाने विचारला तर त्याला उत्तर मिळणार नाही. माणसाचा वावर पाहिला तर मिळेल. ‘गोरा’मध्ये उंची आणि झाडी यांची जी जोडी आहे, तशी ‘घाट’मध्ये उतार आणि ओलांडणे यांची आहे.

४

आता ‘पर्वत’ या अर्थाकडे. वऱ्हाड प्रांताचे तीन नैसर्गिक भाग परंपरेने मानले जात : उत्तरेचा मेळघाट, मधला पायनघाट आणि दक्षिणेचा बालाघाट. तिन्ही नावांत घाट आहे. ‘बाला’ म्हणजे वर आणि ‘पायीन’ म्हणजे खाली, हे फारसी शब्द. बालाघाट आणि पायनघाट ही कारभाराची फारसी असली, तरी तिच्यातली कल्पना बुलढाण्याच्या शेतकऱ्याच्या ‘घाटावर-घाटाखाली’ याच जोडीची आहे. फारसी कारकुनाने विशेषणे आपली लावली, पण मुलखाचा कणा ज्या शब्दाने सांगायचा तो शब्द त्याला बदलता आला नाही. शहाजहानच्या काळात मोगलांच्या दक्षिणेतील प्रदेशाची विभागणी याच नावांनी झाली. कर्नाटकातही बालाघाट आणि पायनघाट होते. मराठवाड्यातील बालाघाटची रांग आणि मध्यप्रदेशातील बालाघाट जिल्हा ही या पसाऱ्याची आजची खूण. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेल्यावर ए. सी. लायल यांनी संपादिलेल्या १८७० च्या गॅझेटिअरने आणि १९१० च्या नेल्सनकृत बुलढाणा गॅझेटिअरने हीच नावे पुढे चालवली.

पश्चिम किनाऱ्यावर मात्र या शब्दाचे काही वेगळेच झाले. पोर्तुगीज इतिहासकार जुआंव द बारुश याने सोळाव्या शतकाच्या मध्यास लिहिताना या पर्वतरांगेला विशेषनाम नाही, स्थानिक लोक तिला सामान्यनामाने ‘गाते’ म्हणतात आणि त्याचा अर्थ रांग असा होतो, असे नोंदवले. १५६३ मध्ये गोव्यात छापल्या गेलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ऑर्ता याने ‘बालागाते’ या शब्दाची फोड केली : ‘बाला’ म्हणजे वर आणि ‘गाते’ म्हणजे पर्वतरांग. फारसी शब्दाचा अर्थ त्याने अचूक दिला. देशी शब्दाचा मात्र चुकला. यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात (१८८६) या चुकीची मीमांसा आली आहे. घाटावरचा मुलूख आणि घाटाखालचा मुलूख असे बोलणे परक्यांच्या कानी पडले आणि त्यांनी ‘घाट’ हे पर्वताचेच नाव समजून घेतले असावे, असा त्या कोशकारांचा तर्क आहे.

हा तर्क दोन इंग्रज कोशकारांनी ग्रंथांच्या आधारे केला. बुलढाणा जिल्ह्यात तो आजही कानांनी पडताळता येतो. येथे डोंगराला अजिंठ्याचा डोंगर किंवा सातमाळा म्हणतात. घाट म्हणतात तो राजूरचा, बोथ्याचा, म्हणजे नेमक्या वाटेचा. आणि तरीही ‘घाटावर’ म्हटले की सारे पठार अभिप्रेत असते. देऊळघाट हे पैनगंगेकाठचे गाव आपल्या नावातच हा शब्द बाळगून आहे. शब्द सामान्यनामच राहिला आणि त्याच्या विभक्तिरूपाने मुलखाचे नाव होण्याचे काम केले. परक्या कानाने विभक्ती सोडली आणि शब्द तेवढा उचलला. त्यातून ‘वेस्टर्न घाट्स’ जन्माला आले. पुढे आपणच त्याचे भाषांतर करून ‘पश्चिम घाट’ हे नाव पाठ्यपुस्तकांत आणले. आता २०११ चा पर्यावरणविषयक अहवाल असो की २०१२ ची जागतिक वारशाची नोंद असो, सह्याद्री मागे पडतो आणि पश्चिम घाट पुढे येतो.

हे केवळ नामांतर नाही. वाटेचे नाव पर्वताला दिले की त्या नावातला वाटसरू नाहीसा होतो. हमाल, लमाण, बैल, जकातदार, वारकरी ही ‘घाट’ या शब्दाची माणसे. पर्वतरांगेच्या अर्थात ती राहत नाहीत. राहते ते नकाशावरचे तपकिरी रंगाचे पट्टे. शब्दार्थाचा इतिहास लिहिताना कोणते अर्थ वाढले याची नोंद आपण घेतो. अर्थातून कोण वगळले गेले याचीही घ्यायला हवी.

५

वगळण्याचा दुसरा प्रकार ‘घाटी’ या मराठी शब्दात दिसतो. कोकणातून पाहिले तर घाटापलीकडचा माणूस तो घाटी. मूळचा हा दिशावाचक शब्द. मुंबई वाढली, गिरण्या आणि गोदी उभी राहिली, सातारा-पुण्याकडून मजूर उतरले आणि दिशेचे नाव वर्गाचे नाव झाले. मग तीच शिवी झाली. आज मुंबईत आणि गोव्यात ‘घाटी’ म्हणताना उच्चारात जी तुच्छता असते, तिला शब्दाच्या मुळात कोणताही आधार नाही. ती घाट उतरून पोट भरायला आलेल्या माणसाकडे पाहणाऱ्याच्या नजरेत आहे.

बुलढाण्यात ही तुच्छता या शब्दाला चिकटली नाही. येथेही वरचे आणि खालचे आहेत, त्यांच्यात थट्टा आहे, एकमेकांच्या पाण्याविषयी आणि पोरींच्या सासराविषयी तक्रारीही आहेत. पण ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ ही दोन्ही विशेषणे येथे परस्परसापेक्ष राहिली. याचे एक कारण व्याकरणात आहे. कोकणात नाव एकाच बाजूला पडले. घाटी आहे, पण त्याचा विरुद्धार्थी म्हणून घाटाच्याच शब्दाने घडलेले नाव कोकण्याला मिळाले नाही. येथे जोडी पूर्ण आहे. दोघेही आपली ओळख एकाच घाटावरून सांगतात. जेथे दोन्ही बाजूंना नाव आहे तेथे कोणत्याही एका बाजूला स्वतःला निनावी, म्हणजेच प्रमाण, मानता येत नाही. व्याकरणाबरोबर इतिहासही आहेच : घाटाखालच्या खामगाव-मलकापूरच्या कापूसबाजाराकडे घाटावरचा माणूस जात राहिला आणि जिल्ह्याच्या कचेरीसाठी घाटाखालचा माणूस वर चढत राहिला. ओलांडणे दोन्ही दिशांनी चालू राहिले म्हणून शब्द एकेरी झाला नाही.

६

शेवटी समीक्षेतल्या ‘घाटा’विषयी. मर्ढेकरोत्तर मराठी समीक्षेत कथेचा घाट, कादंबरीचा घाट असे आपण सर्रास लिहितो. रूपबंध आणि आकृतिबंध यांच्या शेजारी हा देशी शब्द नांदतो. घाटदार, घाटणी, घाट घालणे हे त्याचे सगेसोयरे. सामान्यतः त्याचा संबंध ‘घडण’शी जोडला जातो. अर्थाने तो योग्य वाटतो. ध्वनीने मात्र अडचण येते. संस्कृत ‘घट्’ धातूतील एकेरी ‘ट’ स्वरांमध्ये आल्यावर मराठीत त्याचा ‘ड’ होतो : घटते वरून घडते, घटन वरून घडण. मग आकार या अर्थाच्या ‘घाट’मध्ये ‘ट’ कसा टिकला? एक तर हे रूप संस्कृतातून मागाहून उचललेले असले पाहिजे किंवा त्यामागे जोड ‘ट्ट’ असला पाहिजे. आणि दुसरा पर्याय धरला तर ध्वनींच्या पातळीवर आकाराचा घाट नदी-डोंगराच्या घाटापासून वेगळा ओळखता येत नाही.

येथे मोह अनावर होतो. साहित्यकृतीचा घाट म्हणजे ओलांडण्याची जागा, वाचक घाट चढतो, अर्थाच्या पलीकडच्या मुलखात उतरतो, अशी सैद्धांतिक मांडणी करावीशी वाटते. ती आकर्षक होईल आणि बिनबुडाची होईल. दोन शब्दांची आजची रूपे एक असणे हा ध्वनींचा परिणाम आहे; त्यावरून त्यांच्या अर्थांचे नाते सिद्ध होत नाही. पायऱ्या बांधून काठाला आकार दिला जातो, म्हणून बांधलेल्या घाटातून आकाराचा अर्थ आला असेल, ही शक्यता विचारात घ्यायला हरकत नाही. पण तिच्यासाठी मधल्या पायऱ्या दाखवणारे जुने प्रयोग पुढे ठेवावे लागतील. त्यांच्या अभावी केलेली मांडणी गार्सिया द ऑर्ताच्या जातीचीच ठरेल : अर्धा शब्द अचूक, उरलेला कल्पित.

आपल्या समीक्षेने गेल्या काही दशकांत संज्ञांच्या व्युत्पत्तीवर पुष्कळ भार टाकला आहे. मुळाशी पोचलो की प्रयोगांचा गुंता चुकवता येतो, असे त्यामागे गृहीत असते. आडवाटेने निघालेल्या त्या वाटसरूचीही समजूत अशीच होती. कोश, धातुपाठ आणि द्राविड मुळे यांच्या रानातून रात्रभर हिंडून आल्यावर पहाटे आपण जेथे उभे असतो, ती जागा राजूर घाटाच्या पायथ्याचीच असते. तेथे एक माणूस दुसऱ्याला विचारत असतो, तुम्ही घाटावरचे की घाटाखालचे? शब्दाच्या अर्थाची जकात तेथेच द्यावी लागते.